बेल्जियम जावयाला, सोलापूर हुंड्यात

दगा कसा द्यावा हे औशाच्या माणसाला शिकवायला पुण्याहून खोका आणावा लागावा, याच्याइतका गावाचा दुसरा अपमान नाही. बहमनी, बरीदशाही, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम, एवढ्या जणांच्या हातून ज्याच्या चाव्या फिरल्या तो किल्ला उशाला घेऊन हे गाव झोपतं. त्या गावात दिवाळीच्या सुट्टीत भाचा येतो, ओसरीवर सतरंजी टाकून युरोपचा नकाशा पसरतो आणि सांगतो, "यात फासे नाहीत, पत्ते नाहीत. बोलायचं, शब्द द्यायचा आणि वेळ आली की मोडायचा."

मोठे काका चष्मा पुसत म्हणाले, "ते कळलं. पण मग यात खेळ कोणता?"

खेळाचं नाव डिप्लोमसी. अमेरिकेतल्या अ‍ॅलन कॅल्हॅमर नावाच्या गृहस्थांनी तो १९५४ मध्ये तयार केला. छापायला कोणी तयार होईना, म्हणून १९५९ मध्ये पदरचे पैसे घालून पाचशे प्रती काढल्या. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात राष्ट्रं, सात खेळाडू. सुरुवात १९०१ च्या वसंतात. नकाशावर ३४ ठाणी, त्यांतली १८ ज्याच्या हाती आली तो जिंकला. हे कॅल्हॅमर पुढं पोस्टमन म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. विश्वासघाताचा खेळ काढणारा माणूस रोज सकाळी लोकांची पत्रं इमानेइतबारे ज्याच्या त्याच्या दारात टाकत होता. आमच्याकडं बऱ्याचदा उलटं असतं. नोकरीतच खेळ होतो आणि घरी पत्त्यांच्या डावात माणूस अगदी सचोटीनं वागतो.

काका तलाठी म्हणून निवृत्त झालेत. नकाशा बघताच त्यांनी तो ताब्यात घेतला. ३४ पैकी २२ ठाणी सुरुवातीलाच वाटलेली असतात, उरलेली १२ कोणाचीच नसतात. "म्हणजे गायरान," काका म्हणाले. ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्यामध्ये गॅलिशिया नावाचा पट्टा आहे. तिथं ठाणं नाही, उत्पन्न नाही, पण दोघंही त्यावरून मरतात. "म्हणजे बांध." मग त्यांनी सगळा युरोप गटवारीनं समजून घेतला आणि बेल्जियमवर बोट ठेवून विचारलं, "याची मोजणी झाली आहे का?"

चिठ्ठ्या टाकल्या. काकांना इंग्लंड, आत्याला फ्रान्स, दाजींना जर्मनी, मामांना रशिया, वहिनीला तुर्कस्तान, शेजारच्या सरांना ऑस्ट्रिया आणि मला इटली. इटली मिळाली की लोक आपल्याकडं सहानुभूतीनं बघायला लागतात. "तुम्हाला काय, तुम्ही आपले समुद्रकाठी," असं म्हणून प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढं दुसऱ्याशी बोलायला जाई.

खेळाची रीत अशी. आधी पंधरा मिनिटं बोलणी. कोणीही कोणालाही कोपऱ्यात घेऊन जावं, काहीही कबूल करावं. मग प्रत्येकानं आपले हुकूम गुपचूप चिठ्ठीवर लिहायचे. सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या आणि एकदमच अमलात आणायच्या. बळ दोघांचं सारखं असेल तर कोणीच हलत नाही. शेजाऱ्याचा पाठिंबा मिळाला तरच ठाणं पडतं. थोडक्यात, दुसऱ्याच्या मदतीशिवाय कोणाचं भलं होत नाही आणि दुसऱ्याला फसवल्याशिवाय कोणी जिंकत नाही. महाराष्ट्राच्या मतदाराला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी चहा घेत टीव्हीवर अचानक उरकलेला शपथविधी पाहिलेल्या माणसाला चिठ्ठ्या उघडण्याचा प्रसंग पाठ आहे.

अडचण पंधरा मिनिटांची होती. पंधरा मिनिटांत फ्रान्स आणि इंग्लंड यांची नुसती विचारपूससुद्धा संपेना. पाऊस कसा झाला, सोयाबीनला काय भाव लागला, धाकटीचं कुठं जमतंय का, गुडघ्याला कोणतं तेल लावता, हे सगळं झाल्याशिवाय इंग्लिश खाडीचा विषय काढणं बरं दिसत नाही. भाच्यानं "टाइम अप" म्हटलं तेव्हा दोन्ही महासत्ता गुडघ्यापर्यंत आल्या होत्या.

काकांची नीती मात्र पहिल्या फेरीतच दिसली. कोणीही युतीचा प्रस्ताव घेऊन आलं की ते म्हणत, "अर्ज देऊन ठेवा, बघू." ते कधी खोटं बोलले नाहीत, कधी शब्द मोडला नाही, कारण कधी शब्द दिलाच नाही. डाव संपेपर्यंत पाच जणांना वाटत होतं की इंग्लंड आपल्याच बाजूचा आहे, फक्त काम अजून टेबलावर आलेलं नाही.

सरांचं नेमकं उलट. सर जिल्हा परिषद शाळेवर. तोंडी आदेशावर त्यांचा विश्वास नाही. माझ्याशी त्यांनी तह केला की इटलीनं ट्रिएस्टेकडं आणि ऑस्ट्रियानं व्हेनिसकडं वाकड्या नजरेनं बघायचं नाही. मी हो म्हणालो. सर म्हणाले, "असं नको. लेखी पाहिजे. दोन साक्षीदार, तारीख, आणि बाँडवर." भाच्यानं सांगितलं की खेळाच्या नियमांत कोणताच करार बंधनकारक नाही. सर म्हणाले, "ते नियमांत नसेल, पण रेकॉर्डला राहतं." मग शंभराचा बाँड आता चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो, त्या पाचशेत इटलीचा वाटा किती आणि ऑस्ट्रियाचा किती, यावर चर्चा गेली. त्या चर्चेच्या काळात ट्रिएस्टे माझ्याकडं आलं. बाँड अजून झालेला नव्हता, हे सरांनाही मान्य करावं लागलं.

मामा उदगीरकडचे. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात त्यांची हयात गेली. तिथं सौदा तोंडानं होत नाही. हातावर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. गॅलिशियाबद्दल बोलायला सर आले तेव्हा मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सरांचा हात खाली घेतला आणि दोन बोटं दाबली. सर समाधानानं परत आले. मला हळूच म्हणाले, "दोन वर्षं गॅलिशियात पाय ठेवणार नाहीत." चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा मामांची एक पलटण गॅलिशियात आणि दुसरी तिच्या पाठीला. सर ओरडले, "मामा, दोन वर्षं ठरलं होतं!" मामा शांतपणे म्हणाले, "दोन पलटणी म्हनलो होतो. तुमीच नीट मोजलं नाही." कोणत्याच बाजारात टॉवेलाखालच्या सौद्याला अपील नाही.

पण मामांनाही कोणीतरी गाठ पडायचं होतं. काळा समुद्र रशिया आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये. तिथं जो आधी शिरेल त्याची दुसऱ्याच्या नरड्यावर बोटं. वहिनीनं आणि मामांनी ठरवलं की दोघांपैकी कोणीच काळ्या समुद्रात उतरायचं नाही. ठरलं कुठं, तर स्वयंपाकघरात. चकल्या तळत असलेल्या बाईवर कोण संशय घेणार? तिच्याकडं कोणीही, केव्हाही, झाऱ्यावरून चकली उचलायच्या निमित्तानं जाऊ शकतो. पाहुण्यांना ओसरीवर बसवून खरं राजकारण चुलीपाशी चालणं हे आपल्याकडं नवं नाही. तुर्कस्तानचा नकाशातला कोपराही तसाच सोयीचा. पाठीमागून कोणी येत नाही.

भाच्यानं चिठ्ठ्या वाचल्या. रशिया : सेवास्तोपोलचं आरमार काळ्या समुद्रात. तुर्कस्तान : अंकाराचं आरमार काळ्या समुद्रात. बळ सारखं, म्हणून दोघंही जागच्या जागी.

"मामा, शब्द दिला होता ना?"

"तू बी दिलतीस की."

"मी तुमच्यावर नजर ठेवायला निघाले होते."

"मंग मी काय मासे धरायला निघालो होतो?"

पुढच्या फेरीला पुन्हा तोच करार, पुन्हा चुलीपाशी, या वेळी दिव्याची शपथ घेऊन. पुन्हा दोघांच्या चिठ्ठ्यांत काळा समुद्र, पुन्हा दोघं जागच्या जागी. असं शेवटपर्यंत चाललं. गंमत बघा, दोघांनी प्रत्येक फेरीला शब्द मोडला आणि काळा समुद्र शेवटपर्यंत रिकामा राहिला. त्या दिवशी पटावर झालेल्या सगळ्या तहांपैकी तंतोतंत पाळला गेलेला तह हा एवढाच.

आता जर्मनीकडं वळू, कारण डाव तिथं फिरला.

दाजी सोलापूरचे. मार्केट यार्डात कांद्याची आडत. येताना तुळजापूरवरून आले आणि वाटेत उजनीला थांबून बासुंदी घेऊन आले. वाटाघाटीला बासुंदी घेऊन येणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, याचं उत्तर कॅल्हॅमरच्या पुस्तिकेत नाही. पण खरा प्रश्न बासुंदीचा नव्हता. दाजी जावई होते.

डावातल्या दुसऱ्या वर्षी बेल्जियमचा विषय निघाला. तो इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी तिघांच्याही दाराशी पडतो. काकांची पलटण समुद्र ओलांडायला तयार, आत्याची सरहद्दीवर उभी. दाजी सुपारी कातरत म्हणाले, "आम्ही लग्नात हुंडा घेतला नाही. बेल्जियम तरी द्याल का नाही?"

ओसरीवर शांतता पसरली. काकू आतून बाहेर आल्या. खेळ काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, बेल्जियम काय आहे हेही माहीत नव्हतं. त्या काकांना एवढंच म्हणाल्या, "दिवाळीत जावयाला नाही म्हणायचं नसतं. काय मागतात ते देऊन टाका." आत्यानं निमूटपणे चिठ्ठी लिहिली : फ्रान्सचा पाठिंबा जर्मनीला, बेल्जियमसाठी. स्वतःच्या सरहद्दीवर दुसऱ्याची पलटण स्वतःच्या हातानं आणून बसवणारा फ्रान्स युरोपच्या इतिहासात झाला नसेल, औशात झाला.

पुढचं सांगायलाच नको. बेल्जियममधून दाजी बर्गंडीत आले आणि बर्गंडीतून पॅरिसमध्ये. आत्या म्हणाली, "पॅरिस गेलं तर गेलं, जेवून जा म्हणजे झालं." मी काकांना बाजूला घेतलं. जर्मनीचा उत्तर किनारा उघडा पडला होता. इंग्लंडनं एक आरमार हलवलं असतं तरी डाव उलटत होता. काका म्हणाले, "कळतंय मला. पण डाव चार तासांचा आहे. पोरीला नांदायचं आहे जन्मभर." अर्ज देऊन ठेवा म्हणणाऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा एका प्रकरणावर जागच्या जागी निर्णय दिला.

भाचा वैतागला. एक तर तो पंच, त्यातून दाजींचाच मुलगा. "अहो, हे नियमात नाही! पटावर नाती आणायची नाहीत!" त्याला दख्खनचा इतिहास माहीत नाही. या भागात पटावर नाती आणायची नाहीत असा नियम कधीच नव्हता.

पुरावा घ्यायचा तर दाजींच्याच गावचा घेऊ. १५२४ च्या सुमारास अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि विजापूरचा इस्माईल आदिलशहा सोलापुरात भेटले. सलोखा ठरला. आदिलशहाची बहीण मरियम निजामशहाला द्यायची आणि हुंड्यात सोलापूर. लग्न झालं, नवरी गेली, सोलापूर काही गेलं नाही. विजापूरकर म्हणाले, असं काही ठरलंच नव्हतं. या न दिलेल्या हुंड्यावरून दोन व्याही घराणी पुढं कित्येक वर्षं लढत राहिली. मग दोन पिढ्यांनी विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकत्र यायची वेळ आली. हा रामराया म्हणजे डिप्लोमसीचा पट्टीचा खेळाडू. आज विजापूरला घेऊन अहमदनगरवर, उद्या दुसऱ्याला घेऊन तिसऱ्यावर, असा तो सगळ्यांना एकमेकांवर घालत आला होता. अखेर सगळ्यांना ते एकदम कळलं. विजापूर आणि अहमदनगर यांनी पुन्हा सोयरीक केली. या वेळी तेव्हाच्या निजामशहाची मुलगी अली आदिलशहाला दिली. हीच पुढं गाजलेली चांदबीबी. आणि हुंड्यात काय, तर सोलापूर. तेच गाव, दुसऱ्यांदा, उलट्या दिशेनं. दाजी बेल्जियमवर खूश झाले, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. ज्या गावचं पाणी ते पितात त्या गावाला हुंड्यात जायची सवय आहे.

या सोयरिकीच्या जोरावर विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर एकत्र आले आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत रामराया पडला. वऱ्हाडचा इमादशहा या युतीत आला नाही. पटावर रुसून बसणाऱ्याचं जे होतं तेच त्याचं झालं : १५७४ मध्ये अहमदनगरनं वऱ्हाड गिळलं. जिंकलेले चौघंही फार काळ गोडीनं राहिले नाहीत. सामायिक शत्रू संपल्यावर एकमेकांचे बांध कोरणं सुरू झालं. १६१९ मध्ये बीदर विजापूरच्या पोटात गेलं. १६३६ मध्ये अहमदनगरची निजामशाही संपली आणि त्याच वर्षी औशाचा किल्ला मोगलांकडं गेला. १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा. सगळ्यांची ठाणी एकाच्याच खात्यावर चढली. सगळे मिळून एकाला पाडतात आणि मग कोपऱ्यातला सातवा सगळं घेऊन जातो, हा धडा भाच्याच्या खोक्यात इंग्रजीत छापलेला आहे. आमच्याकडं तो दगडात बांधलेला आहे.

बाहेरच्यांनी औशाचा किल्ला एकदा बघून जावा. गड म्हटलं की लोक वर बघतात. हा खाली आहे. चारी बाजूंना उंच जमीन आणि मध्ये खोलगटात खंदकासह हा बसलेला. आतल्या उंच बुरुजावरून लांबून येणारी फौज दिसते, पण येणाऱ्याला किल्ला धड दिसत नाही. आपण सगळ्यांचं बघायचं आणि आपलं कोणाला दिसू द्यायचं नाही, हे या गावाच्या मातीतच बांधून ठेवलेलं आहे. तुर्कस्तान आमच्या वहिनीला चिठ्ठीनं आलं असं म्हणतात. मला ती चिठ्ठी तपासून बघायची आहे.

बाजू बदलणारा प्रत्येक जण मात्र दगाबाज नसतो, हेही याच मुलखानं बघितलंय. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीर-औशाच्या टापूत कोंडलं. निजामानं तह केला आणि साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना मिळाला. त्या लढाईत मराठ्यांच्या बाजूनं इब्राहिमखान गारदी होता, जो थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत निजामाच्या नोकरीत होता. आमच्या पटावर असं झालं असतं तर सगळे म्हणाले असते, याचा काय भरवसा? पण पुढच्याच वर्षी पानिपतावर हाच गारदी शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. त्यानं बाजू बदलली खरी, पण नंतर जीव गेला तरी पुन्हा बदलली नाही. आमचे मामा दर फेरीला बदलत होते आणि जीव सोडा, चकलीसुद्धा सोडायला तयार नव्हते.

भाच्यानं शेवटचा प्रयत्न म्हणून विज्ञानाचा आधार घेतला. मेटा कंपनीनं २०२२ मध्ये सिसेरो नावाची संगणकप्रणाली तयार केली आणि ती हा खेळ माणसांशी गप्पा मारत, तह करत, चांगल्या खेळाडूंच्या तोडीनं खेळली. "यंत्रालासुद्धा कळलं, तुम्हाला कळत नाही," तो म्हणाला. काकांनी विचारलं, "त्या यंत्राला जावई आहे का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग त्याचं काय सांगतोस? पाठव औशाला एका दिवाळीत."

डाव बरोबरीत सुटला. तशी नियमांत सोय आहे : जे टिकले त्यांनी एकमतानं वाटून घ्यावं. तोवर सरांचा ऑस्ट्रिया संपला होता, आत्याचा फ्रान्स नावापुरता उरला होता आणि पानं वाढली होती. पानावर बासुंदी आलेली असताना वॉर्सा कोणाचं, यावर भांडणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

कॅल्हॅमरसाहेबांचं गणित एका ठिकाणी चुकलं असं मला वाटतं. त्यांनी गृहीत धरलं की दगा खाल्लेला माणूस डाव संपल्यावर उठून आपल्या घरी जाईल. आमच्याकडं तो त्याच पंगतीत बसतो, लगीनघाईत त्याच्याच गाडीतून जावं लागतं आणि पेरणीला त्याच्याचकडून हातउसने घ्यावे लागतात. म्हणून आमचे दगे छोटे असतात, गोड बोलून केलेले असतात आणि कधीही विसरले जात नाहीत. आत्या अजून फोनवर आधी तब्येत विचारते आणि मग विचारते, "पॅरिसला कोण आहे सध्या?" सरांनी मला ट्रिएस्टेबद्दल माफ केलं आहे असं ते सांगतात. मात्र परवा माझ्याकडून पेन्शनच्या कामाचं एक झेरॉक्स घेताना त्यांनी मागच्या बाजूला तारीख टाकून सही घेतली.

तर या खेळाबद्दल माझा निकाल असा. जिंकणं सोपं आहे, त्यासाठी एकदा शब्द मोडला की पुरतं. अवघड आहे ते पुढच्या डावाला सात माणसं जमवणं. येत्या दिवाळीला सर येणार नाहीत, त्यामुळे ऑस्ट्रियाची जागा रिकामी आहे. औसा, लामजना, किल्लारी, बेलकुंड किंवा लातूरकडच्या कोणा होतकरू माणसाला ती हवी असेल तर त्यानं जरूर यावं. दगाबाज असला तरी चालेल, टॉवेल घेऊन आला तरी चालेल. फक्त घरात कोणाचा जावई नसावा.